कानामागे बघा, बोटांमध्ये बघा

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, रोज दोन-तीन आपणहून दारात येतात. माझी अडचण वेगळीच आहे. घरी जेवायला बसले आणि सांगायला सुरुवात केली, की नवरा ताट उचलून हॉलमध्ये जातो. कारण माझे निम्मे किस्से गोचिडींचे असतात!

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला आमचं प्राण्यांचं क्लिनिक आहे. डॉक्टर म्हणजे नाईक मॅडम. संतोष कुत्र्यांना आंघोळ घालतो, त्यांचे केस कापतो. मी वैशाली, रिसेप्शनवर बसण्यापासून सलाईनची बाटली धरण्यापर्यंत उरलेलं सगळं करते.

आमच्या मागे झाडी, पुढे टॉवर आणि मध्ये भटकी कुत्री. तिकडे बिबट्या दिसला की अर्ध्या तासात सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतो. मॅडम म्हणतात, "बिबट्या तुमच्या सोफ्यावर येऊन बसत नाही. मी जिला घाबरते ना, ती तिळाएवढी आहे."

नवीन होते तेव्हा मला याचं हसू यायचं. आता फारसं येत नाही.

*

एका शनिवारी सकाळी शटर अर्धं वर गेलं नाही तोच एक गृहस्थ वाकून आत शिरले. आयटीत कामाला असावेत, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच होतं. हातात लॅब्राडोरचं पिल्लू.

"डॉक्टर, इमर्जन्सी! पोटाला गोचीड चिकटलीय. दोन दिवस ओढतोय, निघतच नाही!"

"कशाने ओढताय?"

"बायकोच्या प्लकरने. आयब्रोच्या."

मॅडमनी टॉर्च मारला. बघितलं. मग त्या गृहस्थांकडे बघितलं.

"ओढलं की हा काय करतो?"

"रडतो हो! काल तर चावायला आला."

"मीही आले असते. अहो, हे त्याचं स्तनाग्र आहे."

"मॅडम, काहीतरीच काय! तो मेल आहे!"

"तुम्हीपण मेल आहात ना? शर्टाच्या आत बघा!"

संतोष आंघोळीच्या खोलीत पळाला आणि आतून दार लावून घेतलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

पण मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी पिल्लाचा कान उलटा केला. आत, कानाच्या घडीत, खऱ्या गोचिडी. सात. मग पुढच्या पंजाच्या बोटांमध्ये तीन. गळपट्ट्याखाली एक, रक्त पिऊन मनुक्याएवढी झालेली.

त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. "आम्ही... आम्ही तर पोटच बघत होतो."

मॅडमनी चिमटा हातात घेतला आणि सावकाश करून दाखवलं. अगदी कातडीला टेकवून पकडायची, सरळ वर ओढायची, पिळायची नाही, झटका द्यायचा नाही. निघाली की डेटॉलने जागा पुसायची. मग म्हणाल्या, "आणि आज रात्री हेच सगळं तुम्ही स्वतःच्या अंगावर बघा. काखेत, गुडघ्यामागे, केसांत. झोपतो ना हा तुमच्या गादीवर?"

ते खुर्चीवर बसल्या बसल्या गुडघ्यामागे खाजवायला लागले.

खोटं कशाला बोलू, मीपण खाजवलं.

*

रॉकेलचा किस्सा छोटा आहे. एक आजोबा आले, बरोबर पॉमेरियन. कुत्र्याच्या पाठीवर भाजल्याची जखम. गोचीड काढायला आधी रॉकेल लावलं, सुटली नाही, म्हणून पेटवलेली अगरबत्ती टेकवली!

"आमच्या गावाला असंच करतात," आजोबा म्हणाले.

"आणि मग सुटते?"

"सुटते की!"

"सुटायच्या आधी ती पोटातलं सगळं त्याच्या रक्तात ओकते, आजोबा. रोगासकट."

आजोबांनी शर्टाची बाही वर केली आणि दंडावरचा जुना, गोल डाग दाखवला. "मलापण आईने असंच केलं होतं. नशीबच म्हणायचं मग."

*

मॅडमनी एकदा ठरवलं, की लोकांना नीट समजावून सांगायचं. जवळच्याच एका सोसायटीने क्लबहाऊस दिलं. त्यांच्या सेक्रेटरीने ग्रुपवर मेसेज टाकला: 'रविवारी सकाळी अकरा वाजता गोचीड शिबिर. सर्वांनी आपापले घेऊन यावे.'

त्यांना म्हणायचं होतं, कुत्रे.

पंचवीस-तीस माणसं जमली. मॅडम स्क्रीनवर फोटो दाखवत होत्या. गोचीड अंडी भिंतीच्या फटीत कशी घालते, एका वेळी हजारांनी कशी घालते, नुसत्या कुत्र्याला औषध लावून कसं भागत नाही, घराच्या फटी आणि कुत्र्याचं अंथरूणही साफ करावं लागतं, वगैरे. लोक मोबाईल बघत होते. मागे कोणीतरी समोशांची चौकशी करत होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या. पांढरी साडी, हातात होमिओपॅथीच्या गोळ्यांची छोटी बाटली.

"डॉक्टर, मी आणल्यात."

"काय आणलंत आजी?"

"गोचिडी. मेसेजमध्ये लिहिलं होतं ना, आपापल्या घेऊन या. जिवंत आहेत हो! सकाळीच काढल्या."

मॅडमना कौतुकच वाटलं. "वा! लोकांना खऱ्या दाखवता येतील. किती आहेत?"

"पाच."

मॅडमनी बाटली उजेडात धरली. बघितली. फिरवून पुन्हा बघितली. मग झाकण बघितलं. ते नीट लागलेलं नव्हतं.

"आजी," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "यात तीनच आहेत."

यार, त्या हॉलमध्ये एका सेकंदात जे झालं ते मी कधी विसरणार नाही! तीस माणसांचे साठ पाय खुर्च्यांवर. सेक्रेटरी टेबलावर. एक बाई पदर झटकत किंचाळत होत्या. आणि पुढचा पाऊण तास कोणी मोबाईलला हात लावला नाही. सगळ्यांनी सगळं ऐकलं, लिहून घेतलं, प्रश्न विचारले!

चौथी गोचीड आजींच्या पदरावर मिळाली.

पाचवी अजून मिळालेली नाही. त्या क्लबहाऊसमध्ये नंतर दोन बारशी झाली, दोन्हींना मी गेले नाही.

*

गोरेगावला एका जाहिरातीचं शूटिंग होतं. त्यांचा पांढराशुभ्र कुत्रा दुसऱ्या दिवशी जेवेना, म्हणून आम्हाला बोलावलं. मॅडम आणि मी रिक्षाने लिंक रोडवरून दीड तास धक्के खात पोचलो.

कुत्र्याला ताप. हिरड्या फिकट. आणि कपाळावर, डोळ्याच्या वर, एक टपोरी गोचीड. मॅडमनी चिमटा काढला, तेवढ्यात हातात पॅड घेतलेली एक मुलगी धावत आली.

"मॅम, प्लीज! ते काढू नका!"

"का?"

"कालच्या क्लोजअपमध्ये तो काळा डॉट आहे. आज काढला तर कंटिन्यूइटी जाईल!"

मॅडमनी तिच्याकडे असं बघितलं, की मलाच दोन पावलं मागे सरकावंसं वाटलं.

"बाळा, काल ही केवढी होती?"

तिने मोबाईलवर कालचा फोटो उघडून दाखवला. मसुराच्या डाळीएवढी.

"आणि आज?"

आज वाटाण्याएवढी होती.

"म्हणजे कंटिन्यूइटी कालच गेली," मॅडम म्हणाल्या, आणि गोचीड काढली.

रक्त तपासलं. कुत्र्याच्या प्लेटलेट्स जवळजवळ संपल्या होत्या. तो वाचला, पण तीन आठवडे लागले. त्या मुलीचा मला रोज मेसेज यायचा, 'आज खाल्लं का त्याने?' शेवटी तिनेच त्याला दत्तक घेतलं. त्याचं नाव डॉट!

*

आता काळूचं सांगते. काळू आमच्या समोरच्या सोसायटीच्या गेटवरचा भटका कुत्रा. त्याला सावंत बाई जेवण घालायच्या, रिटायर्ड शिक्षिका. आणि त्याच बिल्डिंगमधले राणे, जर्मन शेफर्डवाले, त्याच्याविरुद्ध अर्ज करायचे. 'भटक्या कुत्र्यांमुळे माझ्या कुत्र्याला गोचिडी होतात.' एकदा लिफ्टमध्ये दोघांचं एवढं वाजलं, की सावंत बाई चौथा मजला जिन्याने चढायला लागल्या. राणे पाचव्यावर, त्या चौथ्यावर.

एका सकाळी सावंत बाई रिक्षातून उतरल्या तेव्हा काळू त्यांच्या मांडीवर टॉवेलमध्ये होता. मान टाकलेली. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. लघवी काळ्या चहासारखी.

मॅडमनी रक्ताची स्लाईड बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. गोचीडताप. रक्तातल्या तांबड्या पेशी आतून फुटत होत्या. "औषध देते, पण औषध काम करेपर्यंत हा टिकायला हवा. रक्त पाहिजे. आत्ता. मोठा, तब्येतीने चांगला, लसी झालेला, अंगावर एक गोचीड नसलेला कुत्रा."

मी रजिस्टर उघडलं. फोनवर फोन. कोणी ऑफिसात, कोणी गावाला, कोणी म्हणालं, "भटक्यासाठी? नको बाबा." काळूचा श्वास टेबलावर भराभर चालला होता आणि सावंत बाई त्याच्या कानाशी वाकून पाढे म्हणत होत्या. हो, पाढे! बे एके बे, बे दुणे चार. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

रजिस्टरमध्ये राणेंचं नाव होतं. मी बाईंकडे बघितलं.

"नको," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "करा."

राणे फोनवर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं कट केला. वाट लागली म्हटलं! दहा मिनिटांनी दारात उभे, घरातल्या बर्मुडावर, बाजूला त्यांचा तो अवाढव्य जर्मन शेफर्ड, शेरू. मॅडमनी शेरूचे कान, बोटं तपासली, एकही गोचीड नाही; मग दोन्ही रक्तं जुळतात का ते बघितलं. जुळली. शेरू टेबलावर आडवा झाला, राणेंनी त्याचं डोकं धरलं, समोर सावंत बाईंनी काळूचं. दोन तास दोघं समोरासमोर, एकमेकांकडे न बघता.

दुपारी काळूने शेपटीचं टोक हलवलं. एकदाच.

राणे उठले. शेरूला पट्टा लावला. दारात पोचल्यावर मागे वळून सावंत बाईंना म्हणाले, "रक्त दिलंय म्हणजे अर्ज मागे घेतला असं समजू नका!"

"नाही समजत," बाई म्हणाल्या. "पण उद्यापासून तुम्ही लिफ्टने जा, मी जिन्याने जाईन, असं नको. दोघंही लिफ्टने जाऊ."

*

आमचं गाव सावंतवाडीच्या पुढे. माझे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली सोडून आम्ही मुलुंडला आलो. पण काजूचा हंगाम आला की आईचे पाय इथे टिकत नाहीत. ती मामाकडे जाते काजू वेचायला.

मागच्या हंगामात तिचा फोन आला. पाऊस नाही, ऊन आहे, काजू बरा आहे, असं सगळं सांगून झाल्यावर सहज म्हणाली, "बागेत दोन माकडां मरान पडलेली गो. वास येय होतो. म्हणान तुझ्या मामान ओढून व्हाळात टाकल्यान."

माझ्या हातातला कप खाली ठेवायचं मला सुचेना. माकडताप! जंगलातल्या गोचिडींमुळे आधी माकडं मरतात, मग माणसांना ताप येतो. मॅडमनी किती वेळा सांगितलं होतं, मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं. आणि इथे माझा मामा त्यांना हाताने ओढून ओढ्यात टाकत होता!

"आई, मामा कसा आहे?"

"बरो आसा. वायच ताप इलो हा. उन्हाचो."

"आई!!"

"आराडतं कित्याक?"

मी सांगितलं, आत्ता गाडी काढा, सरकारी दवाखान्यात जा, रक्त तपासा, आणि डॉक्टरांना माकडांचं सांगा. मामा मागून ओरडत होता, "तिका सांग, माकडां माझी काजी खावन मेली! त्येंका ताप खयचो!"

शेवटी गेले. तिथल्या सिस्टरनी मामाला जे झापलं, ते आईने मला फोनवर अख्खं ऐकवलं. रक्ताचा नमुना पुढे पाठवला. रिपोर्ट यायला चार दिवस. ते चार दिवस मी क्लिनिकमध्ये फोन वाजला की दचकायचे. एका मांजरीच्या फाईलवर मामाचं नाव लिहिलं. मॅडमनी ते खोडलं आणि चहा पुढे केला.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. ताप दुसराच निघाला. आरोग्य केंद्रातून अंगाला लावायचं तेल मिळालं, बागेत जाण्याआधी लावायचं. आणि आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायचे, साबणाने आंघोळ करायची. मामा आता म्हणे शेजाऱ्यांनाही ते तेल लावल्याशिवाय बागेत सोडत नाही.

मे महिन्यात आई परत आली. सकाळी दारात उभी, हातात काजूची पिशवी, कडेला फणस. मी तिला उंबऱ्यातच थांबवलं. पिशव्या गॅलरीत ठेवल्या. तिला सरळ बाथरूममध्ये पाठवलं, कपडे बादलीत, आणि बाहेरून सांगायला लागले, "कानामागे बघ! बोटांमध्ये बघ! केस मोकळे करून विंचर!"

आतून आवाज आला, "गो वैशू, मी काय कुत्रो आसंय?"

*

प्रधान काका आणि काकू आमच्याकडे फार जुने. काका बँकेतून रिटायर झालेले. मूल नाही. त्यांचा चिकू, लांब कानांचा कॉकर स्पॅनियल, हाच त्यांचा जीव. प्रत्येक वेळी काकाच त्याला घेऊन यायचे.

त्या दिवशी काकू एकट्याच आल्या. चिकूला मांडीवर घेऊन बसल्या आणि नाव लिहायच्या आधीच रडायला लागल्या.

काका पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. ताप उतरत नव्हता, डोकं ठणकत होतं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. कालपासून असंबद्ध बोलत होते.

"आणि चादर चाळवतायत हो," काकू म्हणाल्या. "डोळे मिटलेले, आणि बोटं सारखी चादरीवर. माझ्या सासूबाई जायच्या आदल्या दिवशी अशीच चादर चाळवत होत्या. मला कळतंय काय ते. चिकूला कोण सांभाळणार हे विचारायला आलेय मी."

संतोषने नळ बंद केला.

मॅडम म्हणाल्या, "काकू, कशी चाळवतात? मला दाखवा."

"कशी म्हणजे?"

"चिकूच्या पाठीवर करून दाखवा."

काकूंनी डोळे पुसले. डाव्या हाताच्या दोन बोटांनी चिकूचे केस बाजूला केले. उजव्या हाताच्या चिमटीत काहीतरी धरलं. उचललं. मग दोन अंगठ्यांची नखं एकमेकांवर दाबली. पुन्हा केस बाजूला. पुन्हा चिमूट.

मॅडम खुर्चीवरून उठल्या.

"काका चिकूच्या गोचिडी हातानं काढायचे?"

"रोज. संध्याकाळी बाल्कनीत बसून. तुमचा चिमटा दिला तर म्हणायचे, हाताला कळतं ते चिमट्याला कळत नाही. आणि नखावर चिरडायचे. किती ओरडले मी, रक्त उडतं म्हणून!"

"अंगावर पुरळ आहे?"

"आहे. औषधाची रिअॅक्शन असेल म्हणाले."

"तळहातावर?"

काकूंनी जरा आठवलं. "हो. तळपायावरसुद्धा."

मॅडमनी लेटरहेड ओढलं आणि चार ओळी लिहिल्या. रुग्ण रोज उघड्या हातांनी गोचिडी काढून चिरडतात; तळहात-तळपायांवर पुरळ असल्यास गोचीडतापाचा विचार व्हावा, ही नम्र विनंती. खाली सही. वर कुत्र्या-मांजराचं चित्र.

काकू ते चित्र बघत राहिल्या. "हे... तिथल्या मोठ्या डॉक्टरांना देऊ?"

"वैशाली, तू जा बरोबर," मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघी रिक्षाने हॉस्पिटलला गेलो. वॉर्डच्या बाहेर डॉक्टर भेटले, तरुण होते, दमलेले. त्यांनी कागद घेतला. आधी चित्र बघितलं. मी मनात म्हटलं, आता हा कागद बिनमध्ये जाणार. त्यांनी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"घरात कुत्रा आहे हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत, बाहेरगावी गेला होतात का," काकू म्हणाल्या. "आम्ही तर मुलुंडच्या बाहेर गेलोच नाही."

डॉक्टर आत गेले, काकांचा हात उलटा केला आणि तळवा खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग सिस्टरला म्हणाले, "ब्लड पाठवा. रिपोर्टला वेळ लागेल, पण औषध आत्ताच सुरू करू."

पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी ताप तेवढाच. मॅडम दर दोन तासांनी मला म्हणायच्या, "फोन कर." त्यांना स्वतःला करायची हिंमत होत नव्हती. चिकू आमच्याकडेच होता, पिंजऱ्यात न बसता दाराकडे तोंड करून झोपायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंसाठी डबा घेऊन गेले. ताप उतरला होता, पण काका शुद्धीवर नव्हते. काकू स्टुलावर बसल्या होत्या आणि एकटक त्यांच्या हाताकडे बघत होत्या. बोटं चालूच होती, पण आता अगदी सावकाश. चादर बाजूला, चिमूट. चादर बाजूला, चिमूट.

मी डब्याचं झाकण उघडत होते, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"वैशाली, हात थांबला गं."

खरंच थांबला होता. चिमूट तशीच मिटलेली, चादरीपासून जराशी वर. मी सिस्टरला हाक मारायला वळले.

काकांनी डोळे उघडले. आधी काकूंकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग आपली चिमूट डोळ्यांजवळ नेऊन नीट निरखली.

"सापडली," ते म्हणाले.